ट्री डेलिया : एकच रोप, पाच हवामानं आणि तुमचे चोपन्न हजार रुपये

व्हिडिओत मी ट्री डेलियाबद्दल घाईघाईत बोललो होतो. वीस मिनिटांत हा विषय बसत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही जवळ घेऊन वाचा, मध्ये थोडा हिशोब आहे.

गोष्ट सुरू झाली ती वाई-पाचगणीच्या बाजूच्या एका ताईंच्या फोनवरून. ताईंची छोटी नर्सरी आहे. स्ट्रॉबेरीची रोपं, थोडी शोभेची झाडं, सीझनला झेंडू. त्यांच्या दिरांनी मोबाईलवर जपानमधला एक व्हिडिओ दाखवला. घराच्या पत्र्यापेक्षा उंच गेलेलं झाड आणि त्याच्या शेंड्यावर तळहाताएवढी फिकट जांभळी फुलं. दीर म्हणाले, "वहिनी, हे आपल्या भागात कोणाकडेच नाही. पहिल्यांदा आणेल तो राजा." एका पुरवठादाराने १८० रुपये नग असा भाव सांगितला होता, किमान ३०० रोपं. म्हणजे ५४,००० रुपये. पैसे बचत गटाच्या कर्जातून उचलायचे ठरले होते. ताईंनी मला एवढंच विचारलं, "सर, करू का?"

मी म्हणालो, ताई, आठ दिवस थांबा. पुढे जे लिहिलंय ते मी त्या आठ दिवसांत त्यांच्याशी बोललो.

आधी झाडाची ओळख

आपण कुंडीत लावतो त्या डेलियाचाच हा थोरला भाऊ. शास्त्रीय नाव डेलिया इम्पेरियालिस. मूळ गाव मेक्सिको, ग्वाटेमाला आणि तिथून खाली कोलंबियापर्यंतचा डोंगराळ पट्टा. रानात हे ८ ते १० मीटरपर्यंत जातं, बागेत साधारण ३ ते ६ मीटर. 'ट्री' म्हणतात खरं, पण हे झाड नाही. खोडाला लाकूड धरत नाही. बांबूसारख्या पेरांच्या, आतून पोकळ कांड्या जमिनीतल्या कंदातून दरवर्षी नव्याने उठतात, सहा-आठ महिन्यांत छपराला लागतात, फुलतात आणि संपतात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मेक्सिकोतल्या जुन्या नाहुआ भाषेत डेलियाला 'पाण्याची नळी' अशा अर्थाचं नाव होतं, ते या पोकळ कांड्यांमुळे. ग्वाटेमालात काही ठिकाणी याची कोवळी पानं भाजी म्हणून खातात. डेलिया हे १९६३ पासून मेक्सिकोचं राष्ट्रीय फूल आहे. तिथे त्याची नवलाई नाही, आपल्याकडे आहे. धंद्यात नवलाईला किंमत मिळते, पण ती किती दिवस टिकते हा वेगळा प्रश्न. त्याच्याकडे नंतर येतो.

हे झाड घड्याळ बघतं

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा आहे. हा समजला नाही तर बाकीचं वाचून उपयोग नाही.

पॉलिहाऊसमध्ये शेवंती करणारे शेतकरी रात्री दिवे का लावतात, माहीत आहे ना? शेवंतीला दिवस लहान झाल्याशिवाय कळी धरायची नसते. दिवे लावले की तिला वाटतं अजून उन्हाळाच चालू आहे, आणि फूल पुढे ढकललं जातं. ट्री डेलियाची गत अगदी तीच. दिवस साधारण बारा तासांच्या खाली उतरायला लागले की मग ते कळीच्या तयारीला लागतं. २३ सप्टेंबरच्या आसपास जगात जवळपास सगळीकडे दिवस बारा तासांचा असतो, आणि तिथून उत्तर गोलार्धात तो लहान होत जातो. कळी धरून फूल उमलायला पुढे आणखी दोनेक महिने जातात. म्हणजे फूल येणार नोव्हेंबर-डिसेंबरला. तुम्ही कितीही खत घाला, गणपतीला फूल येणार नाही.

आता दुसरी बाजू. हे झाड बर्फ सोसत नाही. एका रात्री पानांवर दव गोठलं की सकाळी पानं, कळ्या, फुलं सगळं शिजवल्यासारखं काळं पडून लोंबतं. खाली कंद जिवंत राहतो, पण त्या वर्षाचा तमाशा संपला.

म्हणजे शर्यत आहे. एका बाजूला लहान होत जाणारे दिवस, दुसऱ्या बाजूला पहिलं हिमदव. आधी कोण पोचतो त्यावर फूल दिसणार की नाही हे ठरतं. वेगवेगळ्या देशांत या झाडाचं जे काही होतं, ते सगळं या एका शर्यतीतून समजून घेता येतं.

इंग्लंडचं बघा. उन्हाळा छान, झाड वाढतं, ऑक्टोबरपर्यंत हिरवंगार उभं असतं. आणि मग कळ्या दिसायच्या आत हिमदव येतं. तिथले हौशी लोक हे झाड मुख्यतः पानांसाठी लावतात, किंवा मोठ्या काचघरात ठेवतात. फूल दिसलं तर नशीब. उलट सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्याला हिमदव क्वचितच पडतं, तिथे नोव्हेंबर-डिसेंबरात आरामात फुलतं. ऑस्ट्रेलियात सिडनी-मेलबर्नकडे ऋतू उलटे, म्हणून तिथे एप्रिल ते जून. तिथे ते इतकं रुळलंय की कुंपणाबाहेर टाकलेल्या कांड्यांतूनही उगवतं. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

जपानकडून काय शिकायचं

जपानबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तिथल्या साध्या घरगुती लोकांनी या झाडाचं तंत्र नीट बसवलंय. तिथे याला 'सम्राट डेलिया' अशा अर्थाचं नाव आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून फुलतं आणि पहिल्या कडक थंडीला संपतं. पण झाड संपायची वाट बघत लोक बसत नाहीत. फुलं होत आली की हिमदवाच्या आधी पक्व कांड्या जमिनीलगत कापतात आणि दोन-तीन पेरांचे तुकडे करतात. ते मातीत आडवे पुरून किंवा माती भरलेल्या थर्माकोलच्या खोक्यात घालून थंडीपासून जपून ठेवतात. वसंतात प्रत्येक पेरातून कोंब येतो. उसाचं बेणं लावतो ना आपण, तसंच. कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला हे शिकवायला लागणार नाही.

त्यांचा दुसरा धडा रस्त्यावरच्या दिव्याचा. रात्रभर चालणाऱ्या दिव्याच्या उजेडात आलेलं झाड नुसतं वाढत राहतं, कळी उशिरा धरतं किंवा धरतच नाही. नर्सरीसाठी जागा बघताना आपण पाणी बघतो, रस्ता बघतो. इथे रात्रीचा उजेडही बघायचा.

तिसरा धडा उंचीचा. पाच मीटरवरचं फूल अंगणात उभं राहून दिसत नाही, मान दुखते. म्हणून उन्हाळा संपायच्या आत एकदा शेंडा खुडतात किंवा कांडी निम्म्यावर कापतात. झाड बुटकं राहतं, फांद्या वाढतात. पण हे वेळेत करायचं. आपल्या हिशोबात जूनअखेर, फार तर जुलै. ऑगस्ट-सप्टेंबरात कात्री लावलीत तर फूलच कापल्यासारखं होतं.

मग महाराष्ट्रात?

इथे एक गंमत आहे. मेक्सिको शहर १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मुंबईही १९ वरच. म्हणजे दिवस-रात्रीचं घड्याळ दोन्हीकडे जवळजवळ सारखंच. डिसेंबरचा लहानात लहान दिवस इथे साधारण अकरा तासांचा, तिथेही तसाच. पाऊसही तिथे उन्हाळ्यातच पडतो आणि हिवाळा कोरडा जातो, आपल्यासारखाच. तुम्ही दसऱ्याला तोरण बांधता तो झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. तिथे तो १-२ नोव्हेंबरला मृतांच्या सणाला लागतो, आपल्याकडे दसरा-दिवाळीला. ऋतू जुळला म्हणूनच तो इथे घरचा झाला.

मग ट्री डेलियाही होईल, असं ताईंचे दीर लगेच म्हणाले. मीही क्षणभर तसंच म्हणणार होतो. पण अक्षांश जुळला म्हणजे उंची जुळत नाही. याचं रानातलं घर साधारण १५०० ते १७०० मीटर उंचीवर. आपलं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. म्हणजे जिथे याचं घर सुरू होतं तिथे आपला महाराष्ट्र संपतो! महाबळेश्वर १३५० मीटरच्या पुढे, पाचगणी १३०० च्या आसपास. पुणे-नाशिक सहाशेच्या आतबाहेर. या झाडाला हवी असते गार रात्र. एप्रिल-मेची आपल्या पठारावरची दुपार याला मानवणार नाही. पानं दोन-अडीच फूट लांब आणि पातळ, पाणी पटकन उडतं, झाड माना टाकतं.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. कोकण, मुंबई, ठाणे : नाद सोडा. रात्रीही घाम येतो तिथे हे झाड कुढत बसेल. विदर्भ-मराठवाडा : उन्हाळ्यासाठी नको. पुणे-नाशिक-सातारा : हौस म्हणून, दुपारी सावली मिळेल अशा जागी, आच्छादन आणि भरपूर पाणी देऊन दोन रोपं लावून बघा, धंदा म्हणून नाही. राहिला महाबळेश्वर-पाचगणीचा माथा. तिथे उन्हाळा सोसवतो. पण तिथे दुसरा शत्रू आहे, पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पोकळ कांडी, मांसल कंद आणि तीन महिने भिजलेली लाल माती म्हणजे कूज ठरलेली. पाचगणीला पाऊस त्याहून बराच कमी, म्हणून ताईंची जागा माथ्यापेक्षा बरी. आणि वेण्णा तलावाच्या काठी हिवाळ्यात दव गोठल्याचे फोटो दरवर्षी-दोन वर्षांनी पेपरात येतात, ते तुम्हीही बघितले असतील. पर्यटकांना मजा, ट्री डेलियाला फाशी. तलावाकाठच्या, खोलगट जागा टाळायच्या. थंड हवा पाण्यासारखी खाली उतरून साचते, उतारावरची जागा तेवढी सुरक्षित.

भारतात याच्यासाठी आणखी सोयीच्या जागा आहेत. निलगिरीचा डोंगर उंचीने आणि गारव्याने मेक्सिकोच्या जास्त जवळचा. रोपाचं बेणं आणायचंच असेल तर तशा डोंगराळ भागातून देशांतर्गत आणा. परदेशातून नातेवाईकांच्या बॅगेतून कांड्या आणायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर तो आत्ताच काढा. भारतात रोपं-बेणं आणायला २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. विमानतळावर माल जप्त होणं ही त्यातली लहान अडचण. नवीन रोग आपल्याच गावच्या मातीत सोडणं ही मोठी.

आणि ऑनलाइन निळ्या डेलियाचं बी विकणारे फोटो. निळा डेलिया जगात नाही. निळा दिसला की ते पान बंद करा.

लावायचं कसं, थोडक्यात

तुकडा दोन-तीन पेरांचा, पक्व कांडीचा. कोवळा हिरवा शेंडा चालत नाही, सडतो. आपल्याकडे फेब्रुवारीत आडवा, तीन-चार इंच खोल लावा. माती भुसभुशीत, ओलसर पण चिखल नको. उभा लावलात तर वरचं पोकळ तोंड झाकायला विसरू नका, पाणी आत साचून कांडी आतून कुजते. कोंब वीतभर झाला की मोठ्या पिशवीत किंवा थेट गादीवाफ्यावर. वाफा निदान फूटभर उंच, पावसाचं पाणी मुळाशी थांबता कामा नये. दोन रोपांत चार-पाच फूट. जूनच्या वाऱ्याआधी प्रत्येक कांडीला बांबूचा आधार. या कांड्या ऊस नव्हेत, वाऱ्याने काडकन मोडतात. कोवळ्या कोंबांवर गोगलगाय येते, पावसाळ्यात संध्याकाळी बॅटरी घेऊन वेचायची. उतारा येत नाही असं वाटलं तरी वेचायची.

आता पैशाचं बोलू

ताईंच्या ३०० रोपांच्या बेताला मी तीन प्रश्न विचारले.

पहिला : विकणार काय? फूल? हे फूल कापून फुलदाणीत ठेवलं की पटकन मलूल होतं, देठ पोकळ, वाहतुकीत टिकत नाही. गजरा नाही, हार नाही, मार्केट यार्ड नाही. पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन जानेवारीत असतं, तोवर याचा बहर आटोपलेला. म्हणजे विकायचं ते रोप, आणि ते घेणारा कोण? घरगुती ग्राहक नाही, त्याच्याकडे बाल्कनी आहे. घेणार होमस्टे आणि रिसॉर्टवाले. इथे मात्र एक भारी गोष्ट जमते. बहर येतो नोव्हेंबर-डिसेंबरला, आणि पाचगणी-महाबळेश्वरची गर्दी दिवाळीपासून एकतीस डिसेंबरपर्यंत. ज्या फुलाखाली पाहुणे फोटो काढतील ते फूल नेमकं गर्दीच्या महिन्यात. हा मुद्दा ताईंनी स्वतःच काढला, मला सुचला नव्हता.

दुसरा : हे रोप दुसऱ्याला बनवायला किती अवघड? अजिबात नाही. एका झाडाच्या तीन कांड्या धरा, कोवळा शेंडा सोडून प्रत्येकीचे चार चांगले तुकडे. बारा रोपं, फुकट. तुम्ही ज्या रिसॉर्टला पाच रोपं विकलीत त्याचा माळी पुढच्या फेब्रुवारीत साठ तुकडे काढेल आणि शेजारच्या रिसॉर्टला विकेल. म्हणजे रोपाचा भाव दोन-तीन वर्षांत कोसळणार. नवलाई तेवढीच टिकणार. मग टिकाऊ कमाई कशात? लावून देणं, आधार बांधणं, जूनला छाटणी, बहरानंतर कापणी आणि कंदावर आच्छादन. वर्षाचा देखभालीचा करार. ज्याला हे वेळापत्रक कळतं त्यालाच तो मिळेल, आणि वेळापत्रक चोरायला कात्री पुरत नाही.

तिसरा : ३०० च का? हा आकडा ताईंचा नव्हता, पुरवठादाराचा होता. बारा तुकडे आणले तर? ताईंबरोबर बसून आम्ही मांडलेला हिशोब असा : तुकडे ६० रुपयांप्रमाणे ७२०, वाहतूक ६००, पिशव्या-खत ५००, बांबू ४८०. एकूण २,३००. त्यातले निम्मे गेले आणि पाच-सहा जगले, तरी पुढच्या वर्षी साठ-सत्तर तुकडे हातात. मधल्या काळात आपल्या मातीत, आपल्या पावसात हे झाड काय करतं ते कळलेलं. ५४,००० च्या कर्जाचा हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू झाला असता, आणि पहिलं फूल दिसलं असतं नऊ-दहा महिन्यांनी. ते दिसलं असतं तर.

दिरांचं म्हणणं पडलं की तोपर्यंत दुसरा कोणी आणेल. आणू दे की. त्याचं काय होतं ते फुकटात बघायला मिळेल.

एक अट मी घातली. कापलेले तुकडे ओढ्यात, रस्त्याकडेला, पठारावर फेकायचे नाहीत. सगळे वाळवून जाळायचे किंवा बारीक करून खतात. वर ऑस्ट्रेलियाचं लिहिलं ते आठवा. मेक्सिकोतूनच आलेला पिवळा-नारिंगी कॉसमॉस आज पुण्याच्या टेकड्यांवर किती पसरलाय ते सप्टेंबरात जाऊन बघा. दिसायला सुंदर, पण त्याच्याखालचं गवत गेलं. कास आपल्यापासून लांब नाही. तिथे कोणी हौसेने एक कांडी रोवली तर काय, याचा विचारही करवत नाही.

ताईंनी फेब्रुवारीत बारा तुकडे लावले. दहा उगवले. जुलैच्या पावसात तीन कुजले, तिन्ही सपाट वाफ्यावरचे. गादीवाफ्यावरचं एकही गेलं नाही. एक वाऱ्याने मोडलं. उरलेली सहा आता ऑगस्टअखेर पुरुषभर उंच झालीत. त्यातलं एक कुंपणाच्या कोपऱ्यात रस्त्याच्या दिव्याखाली आलंय. परवा ताईंचा फोन आला, "सर, तो दिवा रात्री बंद ठेवायला ग्रामपंचायतीत अर्ज देऊ का?"

मी म्हटलं, नको. दिवा तसाच राहू द्या. वहीत सहा रकाने पाडा, एक ऑक्टोबरपासून दर रविवारी प्रत्येक झाडाची कळी बघून लिहा, आणि दिव्याखालच्या झाडाचा रकाना लाल पेनाने. नोव्हेंबरच्या शेवटी रिसॉर्टवाल्यांना झाड दाखवायला बोलवाल तेव्हा ही वहीही समोर ठेवा.

रकान्यांचा नमुना ताईंनी व्हॉट्सॲपवर मागितला होता. तारीख, उंची, कळी आहे का, पानांवर काही दिसतं का, रात्रीचं किमान तापमान. तापमापक दीडशे-दोनशे रुपयांत मिळतो, तो मात्र विकत घ्या, अंदाजे लिहू नका.